गुरुवारची जुळणी

२ मार्च, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण दुपारी मी पंख्याला म्हटलं, "जरा दमानं घे रे बाबा." चांगलं मोठ्यानं म्हटलं आणि वर उत्तराची वाट पाहिली. हे काही बरं लक्षण नाही. त्यापेक्षा वहीशी बोललेलं बरं, निदान ती कुरकुरत तरी नाही.

धाकटीला, म्हणजे माझ्या बहिणीला, जाऊन तीन महिने होत आले. जाऊन म्हणजे वर नव्हे, चष्मेवाल्याच्या घरी. एक्कावन्नाव्या वर्षी! जवळचं दिसेना म्हणून चष्मा करायला गेली आणि नवरा करून आली. मला सांगताना ओट्याला पाठ लावून उभी होती, लहानपणी काही फोडलं की उभी राहायची तशी. मी एवढंच म्हटलं, "किल्ली टेबलावर ठेव." तिनं ठेवली. लग्नाला मी गेले नाही. त्यानंतर दोनदा येऊन बेल वाजवून गेली, एकदा एकटी, एकदा त्याला घेऊन. मी दाराच्या भोकातून पाहिलं आणि आत खुर्चीत जाऊन बसले. फोनही उचलत नाही. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसून जन्मभर परक्यांचे फोन उचलले, पुरे झालं.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा ताप मी उतरवला, तिला परीक्षेला नेऊन सोडलं ते मीच. त्यात माझं लग्नबिग्न राहून गेलं त्याचं मला काही नाही. पण मग तिचंही राहिलंच होतं की! दोघी मिळून म्हाताऱ्या होऊ असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी म्हणाले होते आणि ती हसली होती.

जाताना एक गोष्ट मात्र तिनं नीट लावून दिली, ते कबूल केलं पाहिजे. तिजोरी. तिजोरी म्हणजे पासवर्ड ठेवायचं ॲप. वीज, गॅस, औषधांचं दुकान, बँक, पेन्शन, सगळ्यांचे पासवर्ड त्यात असतात आणि आपण एकच मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा. आधी मी ते कॅलेंडरच्या मागे लिहायचे आणि महिना उलटला की पान फाडून टाकायचे. इतर ॲपं म्हणे आपला माल कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर नेऊन ठेवतात. हिच्यात तसं नाही. जे आहे ते आमच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये आणि धाकटीच्या फोनमध्ये, तिसरीकडे कुठेही नाही. "ताई, आपलं ते आपल्याच घरात राहतं बघ," असं म्हणाली आणि स्वतः चालती झाली.

जाता जाता बजावून गेली, लॅपटॉप बंद करायचा नाही आणि खिडकीजवळून हलवायचा नाही. का ते विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते. तिथेच ठेवलाय.


५ मार्च, गुरुवार

हे ॲप माणसापेक्षा शहाणं निघालं. काल विजेच्या बिलाच्या पानावर लाल अक्षरं आली, पासवर्डची मुदत संपली, नवा करा. मी भिंग घेऊन दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. मग तिचं बजावणं आठवलं आणि परत उघडला. म्हटलं, उद्या बघू. आज संध्याकाळी धीर करून बसले तर तिजोरीत नवाकोरा पासवर्ड तयार! बिल भरलं गेलं. मला काहीसुद्धा करावं लागलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला मुद्दाम जिन्यात गाठून सांगितलं. तिला मी खालची म्हणते, ती मला ऑपरेटरबाई म्हणते. म्हटलं, "माणसं सोडून जातात, पण मशीन बघा कसं आपणहून सगळं सांभाळतं." ती नुसती "हो का?" म्हणाली आणि पायपुसणं झटकत बसली. हिला ना, कशाचं कौतुकच नाही.


१० मार्च, मंगळवार

फोन वाजला. वाजू दिला. थांबल्यावर घर इतकं गप्प झालं की मी उगाच नळ सोडला आणि बंद केला.

चष्म्याची एक दांडी ढिली झाली आहे, दोरा गुंडाळून काम भागवते. काचा तर इतक्या ओरखडल्यात की समोरच्या फुटपाथवरची माणसं मला माणसांच्या आकाराची दिसतात, बस्स. नवा करायला हवा. पण पायी जाता येईल असं चष्म्याचं दुकान या भागात एकच आहे आणि ते कोणाचं आहे हे सांगायला नको. दुसरं दुकान दोन बस बदलून. तिथे कोण जातंय? आंधळी होईन, पण त्याच्यासमोर बसून "वरची ओळ वाचा" ऐकणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तर म्हणोत. पीळ तेवढाच तर उरलाय.


१९ मार्च, गुरुवार

पुन्हा तेच. सकाळी पेन्शनच्या पानानं जुना पासवर्ड घ्यायचं नाकारलं. मी घाबरले नाही. दुपारचं जेवले, डुलकी काढली, उठून बघते तर तिजोरीत नवा पासवर्ड हजर. मी लॅपटॉपच्या पाठीवर हात फिरवला. कोणी बघत नव्हतं म्हणून लिहिते.

खिडकीसमोर रस्त्यापलीकडे एक बाक आहे. त्यावर आज एक हिरवी पिशवीवाली बाई बसली होती. भर उन्हात. मांडीवर फोन घेऊन खाली बघत, मधूनच मान वर करून आमच्या इमारतीकडे बघत. मागेही एकदा पाहिल्यासारखी वाटते. लोकांना घरदार नाही का? मग मनात आलं, असेल घर आणि नसेल घरात कोणी. मला तरी कोण आहे? पण मी निदान सावलीत बसते.

रात्रीसाठी भात जास्त झाला. अजून दोघींचाच मोजला जातो. हातच ऐकत नाही.


२४ मार्च, मंगळवार

आज मोठंच प्रकरण उघडकीला आलं.

लॅपटॉप रखडत चालतोय म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. मुलगा चांगला आहे, बूट बाहेर काढतो आणि मला मावशी म्हणतो. त्याला चहा देता देता तिजोरीचं कौतुक सांगितलं, कसं ते आपोआप पासवर्ड बदलतं वगैरे. तो चहाचा कप खाली ठेवून हसायला लागला.

"मावशी, ॲप असं काही करत नाही."

"अरे, मी डोळ्यांनी बघितलंय."

"कोणीतरी बदलल्याशिवाय पासवर्ड बदलत नाही. हे बघा, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. शेवटची जुळणी, धाकटीचा फोन, गुरुवार दुपार. त्याच्या आधीची, गुरुवार दुपार. ही धाकटी कोण?"

"आहे एक," मी म्हटलं.

त्यानं समजावून सांगितलं. लॅपटॉप आणि तो फोन, दोन्ही एकाच वायफायवर आले की एकमेकांशी आपापला माल ताडून बघतात, जे नवं असेल ते एकातून दुसऱ्यात जातं. मध्ये तिसरं कोणी नाही म्हणून लांबून काही होत नाही. फोन इथे यावा लागतो.

"इथे म्हणजे घरात?"

"घरात, जिन्यात, खाली रस्त्यावर. जिथवर तुमचं वायफाय पोचतं तिथवर. आणि तुमचंच घर पाहिजे असंही नाही. कोणाचंही चालेल, दोन्ही मशीन एका छपराखाली आली की झालं."

घरात तर कोणी येत नाही. म्हणजे फोन माझ्या खिडकीखाली येतो! धाकटी येणार नाही, तिला यायचं तर बेल आहे. मग तिचा फोन घेऊन कोण येतं? डोक्यात लख्ख उजेड पडला. गुरुवारी चष्म्याचं दुकान बंद असतं. चष्मेवाला! बायकोचा फोन घेऊन येतो आणि माझी तिजोरी उपसतो. विजेचं बिल भरून विश्वास बसवला आणि आता पेन्शनपर्यंत पोचला. बहीण नेली ती नेली, आता पेन्शनही नेणार!

दुरुस्तीवाला म्हणाला, "मावशी, चोर पासवर्ड बदलून परत तुमच्याच तिजोरीत कशाला ठेवेल?" हा उंटावरचा शहाणा. त्याला काय कळतंय? मी म्हटलं, वायफायचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदल. तो म्हणाला, काय ठेवू? मी म्हटलं, इंग्रजी अक्षरांत लिही, चष्मेचोर. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

आज मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.


२६ मार्च, गुरुवार

जेवण झाल्यावर पडद्याआड खुर्ची टाकून बसले. म्हटलं, येऊ दे चोराला, रिकाम्या हातानं परत जाताना बघते.

चष्मेवाला आला नाही. घाबरला असणार, चोराच्या मनात चांदणं. ती हिरवी पिशवीवाली तेवढी आली होती. आज तिचं काहीतरी बिनसलं होतं. आधी बाकावर बसली. मग उठून फोन हातात उंच धरून इकडून तिकडे फिरली. मग रस्ता ओलांडून अगदी आमच्या भिंतीला लागून उभी राहिली, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, तिथून मला नुसता तिचा भांग दिसत होता. पांढरा झालाय. परत जाऊन बाकावर बसली. ऊन उतरेपर्यंत होती. जाताना पिशवी बाकावर विसरली आणि अर्ध्यातून परत आली.

बिचारीला रेंज मिळत नसावी. अशा वेळी दुसऱ्याचा फोन मागून घ्यावा, पण मागायलाही कोणी ओळखीचं लागतं.

जिंकले खरी, पण घरात ते सांगायला कोण आहे? पंखाच.


३० मार्च, सोमवार

पेन्शन कार्यालयाकडून पत्र आलं. एप्रिल अर्धा व्हायच्या आत हयातीची नोंद करा, नाहीतर पेन्शन थांबेल. नोंद त्यांच्या पानावर, पासवर्ड घालून. दरवर्षी हे धाकटीच करून द्यायची, मला नुसतं फोनसमोर बसवायची.

तिजोरीतला पासवर्ड घातला. चुकीचा आहे म्हणे. परत घातला. तिसऱ्यांदा घातला तर पान बंदच पडलं. वा! मी जिवंत आहे हे सांगायलाही पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे नाही.

उद्या कार्यालयात जाऊन त्यांना तोंडच दाखवते.


३१ मार्च, मंगळवार

तोंड दाखवून आले.

खिडकीवरची कारकूनबाई समजूतदार होती, पण आजी म्हणत होती. "आजी, तुम्ही जिवंत आहात ते मला दिसतंय हो. मशीनला दिसलं पाहिजे ना. नवा पासवर्ड करायचा तर ओटीपी ह्या नंबरवर जातो." तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. मला काही दिसेना, तेव्हा वाचून दाखवला. धाकटीचा नंबर.

"कोणाचा हा?"

"बहिणीचा."

"मग विचारा ना बहिणीला. पासवर्ड तर तिनं गेल्या गुरुवारीच बदललाय. सकाळी. हयातीच्या नोंदीसाठी मार्च संपायच्या आत सगळ्यांनी पुन्हा एकदा बदला म्हणून आम्ही कळवलं होतं, त्याच दिवशी केलंय बघा. चांगली काळजी घेते तुमची."

पुढचा माणूस मागून ढकलत होता म्हणून मी बाजूला झाले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. गुरुवारी सकाळी तिनं बदलला. बदललेला पासवर्ड तिच्या फोनमध्ये. फोन उचलत नाही मी, दार उघडत नाही मी. मग तो माझ्यापर्यंत पोचवायचा कसा? घेऊन यायचा. माझ्या खिडकीखाली येऊन उभं राहायचं, दोन्ही मशीन एकमेकांशी बोलेपर्यंत, आणि न बोलता परत जायचं. प्रत्येक वेळी. विजेच्या वेळी, मागच्या पेन्शनच्या वेळी.

आणि परवाच्या गुरुवारी मी पडद्याआड बसून तिच्या डोक्यावरचा भांग बघत होते.

घरी आले ती थेट खालचीकडे. विचारलं, "धाकटी इथे यायची?"

तिनं खुर्ची पुढे केली. "दर गुरुवारी. निघताना माझ्याकडे पाणी पिऊन जायची. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. पण मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुम्ही खिडकीत दिसायचात की, बाई. मला वाटलं, असेल तुमच्या दोघींची काहीतरी तऱ्हा."

"आणि मागच्या गुरुवारी?"

"पाणी नको म्हणाली. आत येऊन बसली जराशी. म्हणाली, ताईनं वायफायसुद्धा बंद केलं."

मी वर आले. लॅपटॉपसमोर बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दार मिटलं, फोन मिटला, तर तिनं भिंतीतून वाट काढली होती. मी शोधून शोधून तीही बुजवली आणि वर पोटभर जेवले त्या दिवशी.


१ एप्रिल, बुधवार

फोन हातात घेतला आणि ठेवला. घेतला आणि ठेवला. नंबर मला पाठ आहे. पण उचलल्यावर म्हणायचं काय? "पेन्शन अडलंय" म्हटलं तर पेन्शनसाठी आठवण झाली असं होईल. दुसरं म्हणावं तर जीभ उचलत नाही. बोर्डावर असताना मी कोणालाही कोणाशीही जोडून द्यायचे, भांडलेल्या नवरा-बायकोंनासुद्धा. पण तिथे मला मध्ये बोलायचं नसायचं.

वायफाय होतं तसं करून दे म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो गावाला गेलाय, शनिवारी येतो म्हणाला. उद्या गुरुवार. आली असती, पण आता कशाला येईल ती? एकदा हात हलवत परत गेलेलं माणूस पुन्हा येत नाही. मी तर नसते आले.

दुरुस्तीवाल्याचं बोलणं आठवलं. तुमचंच घर पाहिजे असं नाही.

लॅपटॉप कशात घालून नेतात कोण जाणे. उशीच्या अभ्र्यात बसतो.


२ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून काढते.

सकाळी साडी दोनदा बदलली. मग लॅपटॉप अभ्र्यात, अभ्रा पिशवीत आणि पिशवी छातीशी धरून निघाले. दुकानावरून गेले. बंद होतं. त्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर, पत्ता मला लग्नपत्रिकेवरून माहीत होता. पत्रिका फेकली होती, पण वाचून.

बेल वाजवली. आता दार उघडलं नाही तर, असं मनात आलं. बेल वाजवून बाहेर उभं राहणं काय असतं ते आज कळलं.

दार चष्मेवाल्यानं उघडलं. बनियन, हातात सोलाणं, बोटांना बटाट्याची साल. मी त्याला आधी एकदाच पाहिला होता, दाराच्या भोकातून. तिथून बराच मोठा दिसला होता. प्रत्यक्षात माझ्या खांद्याएवढा आहे.

"ताई!" म्हणाला आणि सोलाणं मागे लपवलं. "या, या ना. बसा. मी शर्ट घालतो."

"धाकटी कुठाय?"

तो घुटमळला. "ती तुमच्याकडे गेलीय."

"माझ्याकडे?"

"म्हणजे खाली. बाकावर." शर्टाची बटणं लावता लावता तो सांगत होता. "मी म्हटलं, अगं तिथे लागत नाही ना आता, कशाला जातेस. म्हणाली, ताईनं परत चालू केलं असलं तर? मी नाही गेले आणि त्याच दिवशी चालू केलं असलं तर?"

मला खुर्ची कुठे आहे ते दिसेना. त्यानं हाताला धरून बसवलं. मग फोनवर एवढंच म्हणाला, "घरी ये. ताई आल्यात." तिला पटेना. "अगं खरंच. उशीचा अभ्रा घेऊन आल्यात."

आम्ही दोघं समोरासमोर बसलो. घर लहान आहे पण खिडक्या पुसलेल्या. धाकटीचा मोठा कप टेबलावर होता, आमच्या घरातला, कान तुटलेला. तिनं एवढं एकच नेलं होतं आणि मी इतके दिवस तो फुटला असं समजत होते.

"ती रोज तुमच्याशी बोलते," तो म्हणाला. "म्हणजे मला ऐकवते, पण ताई म्हणून. ताई, हे मीठ जास्त झालं का गं? मी आपला हो म्हणतो."

माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "मी पंख्याशी बोलते."

तो हसला नाही. "पंखा बरा," म्हणाला. "मी तर गिऱ्हाइकांना ऐकवायचो. ते पळून जायचे." मग वाकून माझ्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेतला. "हा दोरा कोणी बांधला?"

"मीच."

"छान बांधलाय. पण काचा गेल्या आहेत ताई. ह्यातून तुम्हाला काही दिसत नसणार."

"नाही दिसत," मी म्हटलं. "बाकावरची बहीण दिसत नाही, म्हणजे बघा."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, कोणीतरी दोन दोन पायऱ्या चढल्यासारखी. या वयात! दारात हिरवी पिशवी आली. चेहरा मला धूसरच दिसला, चष्मा त्याच्या हातात होता, पण दम लागला की तोंडानं श्वास घेते ती माझी धाकटीच.

ती दारातच थांबली. मी उठले ती पिशवीसकट. काय म्हणायचं ते रस्ताभर घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हटलं, "केस किती पांढरे केलेस गं."

"तू रंगवून द्यायचीस ना," ती म्हणाली आणि आम्ही दोघी एकदम रडायला लागलो. मध्ये लॅपटॉप होता, तो टोचत होता. चष्मेवाल्यानं तो हळूच काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

मग कामं. त्यांच्या वायफायवर लॅपटॉप जोडला. तिनं फोन शेजारी ठेवला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. जुळणी चालू आहे, असं आलं आणि क्षणात संपलं. एवढंच? एवढ्यासाठी ती उन्हात बसायची?

पेन्शनचं पान उघडलं. धाकटीनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. "ताई, कॅमेऱ्यात बघ आणि डोळे मिचकाव." मिचकावले. चेहरा स्पष्ट नाही. परत मिचकावले. चेहरा स्पष्ट नाही.

"अगं आधी रडणं थांबव, मशीन घेत नाहीय."

"मग तूही थांब. तुला बघून मला येतं."

चष्मेवाल्यानं तिला स्वयंपाकघरात पाठवलं, स्वतः फोन धरला आणि म्हणाला, "ताई, वरची ओळ वाचा." मला हसू फुटलं. तेवढ्यात मशीननं मला पकडलं. हयात, नोंद झाली.

चहा झाला. धाकटी माझ्या शेजारी येऊन बसली आणि फोन काढून म्हणाली, "आता तुझ्या घरचा नवा पासवर्ड सांग. मी घालून ठेवते."

मी कप खाली ठेवला. समोर चष्मेवाला माझ्या चष्म्याचा दोरा सोडवत बसला होता, बारीक पेचकस घेऊन, अगदी मन लावून.

"शनिवारी दुरुस्तीवाला येणार आहे," मी म्हटलं. "जुनाच करून घेते."

"पण आत्ता काय आहे?"

"काहीतरी आहे. इंग्रजीत."

"ताई."

लहानपणी मी तिला असंच "खरं सांग" म्हणायचे. सांगितलं मग. सगळ्यांदेखत. च, ष्मे, चो, र.

धाकटीनं तोंडावर हात घेतला. चष्मेवाल्यानं मान वर केली नाही. स्क्रू पिळून झाला, काचा शर्टाच्या टोकाला पुसल्या, उठून चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि दोन्ही कानांमागे दांड्या नीट बसवल्या.

"बदलू नका ताई," म्हणाला. "माझ्या लक्षात राहील."

आणि धाकटी हसली. आमच्या घरात हसायची तशी, आधी आवाज नाही आणि मग थांबणं नाही. घर सुटल्यापासून ते ऐकलं नव्हतं. मला जी काही चोरी झाल्यासारखी वाटत होती ती ह्या आवाजाचीच होती.


९ एप्रिल, गुरुवार

नवा चष्मा आला. घडी घालायच्या कपड्यांच्या शिवणीचे टाकेसुद्धा दिसतात. घरात धूळ किती होती!

दुरुस्तीवाल्याला शनिवारी परत पाठवलं. पासवर्ड आहे तोच ठेवलाय.

दुपारी जेवून खिडकीत बसले. बाकाच्या तीन फळ्या, त्यांतली एक तुटकी, पलीकडच्या पाटीवरची अक्षरं, सगळं लख्ख दिसत होतं. बाकावर कोणी नव्हतं. बराच वेळ कोणी आलं नाही आणि जीव खालीवर व्हायला लागला. तेवढ्यात लॅपटॉपवर खाली बारीक अक्षरं आली, भिंगाशिवाय वाचली. जुळणी, धाकटीचा फोन.

बाक रिकामाच होता. मी टेबलावरची तिची किल्ली उचलून मुठीत धरली आणि बेल वाजायच्या आत दार उघडलं.